बॉक्सवुडची लागवड आणि निगा: ईशान्य अमेरिकेतील घराच्या अंगणासाठी

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड या पट्ट्यात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दारात बॉक्सवुडची झुडपे बहुधा आधीच्या मालकाने लावलेली असतात, आणि नसली तर पहिल्या हिवाळ्यानंतर ती लावावीशी वाटू लागतात. नोव्हेंबरअखेर मेपल आणि ओक निष्पर्ण होतात, हायड्रेंजियाच्या नुसत्या काड्या उरतात, आणि पुढचे चार महिने घराच्या दर्शनी भागात हिरवे म्हणून जे काही राहते त्यात बॉक्सवुडचा वाटा मोठा असतो. शिवाय या भागात हरणांचा उपद्रव इतका आहे की होस्टा, ट्यूलिप आणि आर्बरव्हिटी रातोरात फस्त होतात. बॉक्सवुडच्या पानांत मात्र कडू अल्कलॉइड असल्यामुळे हरणे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. तीच पाने कुत्र्या-मांजरांना आणि लहान मुलांनाही बाधतात, हे घरात सर्वांना सांगून ठेवावे.

महाराष्ट्रात बाग केलेल्या माणसाला या झुडपाच्या बाबतीत काही सवयी बदलाव्या लागतात. जास्वंद किंवा शेवगा वर्षभरात डोक्यावर गेलेला पाहिलेल्या नजरेला बॉक्सवुडची वाढ थांबल्यासारखीच वाटते, कारण बहुतेक जाती वर्षाला दोन ते चार इंच वाढतात आणि काही तर जेमतेम एक इंच. वाढ दिसत नाही म्हणून माणूस पाणी वाढवतो, खत घालतो, मल्चचा (मातीवर पसरायच्या लाकडाच्या सालीच्या आच्छादनाचा) थर चढवतो, आणि तिथेच झुडूप हातचे जाते. माझ्या पाहण्यात दुर्लक्षामुळे मेलेली बॉक्सवुड फार थोडी आहेत. ओल्या मातीमुळे, खोडाशी रचलेल्या मल्चमुळे आणि वर्षानुवर्षे केवळ बाहेरून कातरल्यामुळे गेलेली पुष्कळ आहेत. पुढचा सगळा मजकूर म्हणूनच मुळांभोवती निचरा आणि फांद्यांमध्ये हवा कशी राखायची, याभोवती फिरतो.

जागा आणि माती

रोप विकत आणण्याआधी जागेची परीक्षा करावी. जिथे लावायचे तिथे एक फूट खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, पाणी पूर्ण जिरू द्यावे, आणि लगेच दुसऱ्यांदा भरून पट्टीने मोजावे. तासाला साधारण एक इंच पाणी उतरत असेल तर जागा चांगली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात पाणी दिसत असेल तर तिथे बॉक्सवुड लावू नये, किंवा आठ-दहा इंच उंच वाफा करून मगच लावावे. सतत ओल्या मातीत फायटोप्थोरा नावाचा रोगकारक मुळे कुजवतो, आणि हा रोग दिसेपर्यंत उपाय उरलेला नसतो. नव्या वसाहतींमध्ये ही अडचण विशेष येते, कारण बांधकामाच्या वेळी अवजड यंत्रांनी घराभोवतीची चिकणमाती घट्ट दाबलेली असते आणि वर फक्त चार इंच चांगली माती पसरलेली असते. छपराच्या पन्हळीचे पाणी जिथे उतरते तो कोपराही टाळावा.

ऊन किती लागते, याचे उत्तर थोडे सैल आहे. सकाळचे चार-सहा तास ऊन आणि दुपारनंतर विरळ सावली मिळाली तर झुडूप सर्वांत निरोगी राहते. पूर्ण उन्हातही ते जगते, पण तिथे पाने कोळीकिडीला आणि पाने पोखरणाऱ्या माशीला अधिक बळी पडतात, आणि हिवाळ्यात त्यांचा रंग तांबूस होतो. दाट सावलीत ते विरळ वाढते आणि पाने उशिरा सुकत असल्यामुळे बुरशीला वाव मिळतो. पश्चिमेकडून येणारा थंड वारा थेट लागतो अशी उघडी जागा असेल तर शक्यतो दुसरी बाजू पाहावी.

मातीचा सामू (pH) ६.५ ते ७.२ असावा. न्यू जर्सीची माती बहुतांशी आम्लधर्मी असते, त्यामुळे चुना घालावा लागण्याची शक्यता बरीच. परंतु अंदाजाने चुना घालू नये. रटगर्स विद्यापीठाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत अल्प शुल्कात नमुना तपासून मिळतो, आणि अन्य राज्यांतही त्या त्या विद्यापीठाची काउंटी एक्स्टेन्शन कार्यालये (शेती-बागेचा सल्ला देणारी स्थानिक कार्यालये) ही सोय करून देतात. वाफ्यात सहा-सात ठिकाणांहून वरची सहा इंच माती घ्यावी, बादलीत एकत्र करावी, वाळवावी आणि त्यातील वाटीभर माती पाठवावी. अहवालात प्रति हजार चौरस फुटांना किती चुना घालावा ते स्पष्ट लिहिलेले असते. याच कारणाने अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन आणि ब्लूबेरी यांच्या शेजारी एकाच वाफ्यात बॉक्सवुड लावणे मला पटत नाही: त्यांना आम्लधर्मी माती हवी असते, आणि एकाला मानवेल अशी माती केली की दुसऱ्याची पाने पिवळी पडू लागतात.

जातीची निवड

दुकानात सगळ्या कुंड्या सारख्याच हिरव्या आणि गोल दिसतात, म्हणून लेबल वाचल्याशिवाय एकही कुंडी गाडीत ठेवू नये. पूर्ण वाढीची उंची आणि रुंदी, हार्डिनेस झोन (किती थंडी सोसते त्यानुसारचा विभाग) आणि रोगप्रतिकार या तीन गोष्टी त्यावर पाहाव्यात. खिडकीची चौकट जमिनीपासून तीन फुटांवर असेल आणि झुडूप सहा फूट होणारे असेल, तर तुम्ही आयुष्यभराची कातरणी विकत घेत आहात.

'इंग्लिश बॉक्सवुड' या नावाने विकली जाणारी सफ्रुटिकोसा ही जात अतिशय देखणी, दाट आणि संथ असते. जुन्या वसाहतकालीन बागांतील वाटांच्या कडांना तीच दिसते, परंतु बॉक्सवुड ब्लाइट या रोगाला ती सर्वांत लवकर बळी पडते, आणि आज नव्याने लावण्यासाठी मी ती कोणालाही सुचवणार नाही. 'अमेरिकन बॉक्सवुड' मूळची अमेरिकेची नव्हे. ती युरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियात आढळणारी बक्सस सेम्परव्हिरेन्स होय, आणि मोकळी सोडली तर पंधरा फुटांच्याही वर जाते. घराच्या पायाशी लावण्यासाठी ग्रीन व्हेल्व्हेट ही साडेतीन-चार फुटांवर थांबणारी गोलसर संकरित जात थंडीत चांगला रंग राखते. दाराच्या दोन्ही बाजूंना निमुळता आकार हवा असेल तर ग्रीन माउंटन पाहावी. बुटकी आणि आडवी पसरणारी जात हवी असल्यास व्हार्डार व्हॅली उत्तम: एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये बाल्कनमधील व्हार्डार नदीच्या खोऱ्यातून ती आणली, आणि पाने पोखरणाऱ्या माशीला ती बऱ्यापैकी दाद देत नाही. अलीकडे न्यूजेन इंडिपेंडन्स आणि न्यूजेन फ्रीडम या दोन जाती ब्लाइट आणि ही माशी अशा दोन्हींचा विचार करून बाजारात आल्या आहेत. किंमत थोडी जास्त असली तरी नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी त्यांचीच चौकशी करावी.

भारतातून आलेले आई-वडील हे झुडूप पाहून पुण्याला न्यावेसे म्हणतात. तिथे त्या रूपासाठी कुंतीचे कुंपण कितीतरी सोपे, आणि तिला सुगंधी फुलेही येतात. बॉक्सवुडला हिवाळ्याची विश्रांती हवी असते. हे कुळ भारताला परके मात्र नाही: पश्चिम हिमालयात बक्सस वॉलिचियाना वाढते, आणि जम्मूतील राजौरीकडे चिक्री या नावाने तिच्या लाकडाचे कंगवे आणि चमचे कोरले जातात.

रोप घेताना कुंडीत हात घालून फांद्या बाजूला कराव्यात आणि आतले खोड पाहावे. पानांवर गोल तपकिरी डाग, कोवळ्या काड्यांवर काळ्या उभ्या रेघा किंवा मातीवर गळलेल्या पानांचा खच दिसला, तर ते रोप आणि त्याच्या शेजारची रोपेही घेऊ नयेत. घरी आणलेली नवी रोपे जुन्या बॉक्सवुडपासून दूर, महिनाभर वेगळी ठेवणे चांगले.

लावणी

सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरअखेर हा लावणीचा सर्वांत चांगला काळ आहे. हवा थंड झालेली असते, माती अजून उबदार असते, आणि जमीन गोठेपर्यंत मुळांना पसरायला सहा-आठ आठवडे मिळतात. त्या खालोखाल एप्रिल-मे. जुलैच्या उकाड्यात लावणी करू नये.

खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद असावा, पण खोली गड्ड्याच्या उंचीपेक्षा इंच-दीड इंचाने कमीच ठेवावी, म्हणजे झुडूप बसल्यावर गड्ड्याचा वरचा पृष्ठभाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किंचित वर राहील. ही एक गोष्ट नीट जमली तर निम्मे काम झाले असे समजावे, कारण खोल लावलेले बॉक्सवुड दोन-तीन वर्षे बरे दिसते आणि मग अचानक फांदी-फांदीने वाळू लागते. कुंडीतून काढल्यावर मुळे गोल गुंडाळलेली दिसली तर ती बोटांनी सोडवावीत किंवा गड्ड्याला तीन-चार ठिकाणी सुरीने उभे काप द्यावेत. गोणपाटात बांधलेले रोप असेल तर ते खड्ड्यात बसवल्यानंतर सुतळी पूर्ण कापावी, आणि वरचे गोणपाट व तारेची जाळी काढून टाकावी.

खड्ड्यातून निघालेली माती ढेकळे फोडून तीच परत भरावी. केवळ खड्ड्यात कंपोस्ट आणि पीट मॉस भरण्याची पद्धत चिकणमातीत घातक ठरते, कारण भोवतालची घट्ट माती पाणी घेत नाही, आणि मऊ मातीचा खड्डा पाणी साठवणारी वाटी होऊन बसतो. कंपोस्ट घालायचेच असेल तर संपूर्ण वाफ्यात दोन इंच पसरून आठ-दहा इंच खोलीपर्यंत मिसळावे.

दोन झुडपांमधील अंतर पूर्ण वाढीच्या रुंदीवरून ठरवावे. तीन फूट रुंद होणाऱ्या जातीचे सलग कुंपण करायचे असेल तर अडीच फूट, आणि सुटी झुडपे हवी असतील तर चार फूट. घराच्या भिंतीपासून झुडपाच्या निम्म्या रुंदीइतके अंतर आणि वर एक फूट सोडावे. सुरुवातीला मधली जागा उघडी-बोडकी दिसते आणि ती लगेच भरून काढण्याचा मोह होतो. तिथे पहिली दोन वर्षे हंगामी फुले लावावीत, पण पॅकिसँड्रा (जमिनीवर पसरणारी सदाहरित वनस्पती) लावू नये, कारण ब्लाइटची बुरशी तिच्यावरही वाढते.

मल्च एक ते दोन इंचांपेक्षा जाड नको आणि खोडापासून तीन इंच दूर हवे. दर वसंतात जुन्या थरावर नवा थर चढवण्याची प्रथा इथल्या सगळ्या वसाहतींत आहे. बॉक्सवुडची मुळे अगदी वर, जमिनीलगत असतात. थर जाड झाला की ती हवेसाठी मल्चमध्येच चढतात आणि पहिल्या कोरड्या उन्हाळ्यात सुकतात. जुना थर दाताळ्याने सैल करून गरजेपुरतेच नवे मल्च घालावे, आणि झुडपाखाली खुरपणी अजिबात करू नये, तण हाताने उपटावे.

पाणी आणि खत

पहिली दोन वर्षे आठवड्याला साधारण एक इंच पाणी, पाऊस धरून, मुळांपाशी सावकाश द्यावे. देण्याआधी बोट दोन इंच मातीत घालून पाहावे, आणि ओल लागली तर नळ उघडू नये. लॉनसाठी बसवलेल्या फवाऱ्यांचे पाणी रोज पहाटे या झुडपांवर पडत असेल तर त्यांची दिशा बदलून घ्यावी, कारण तासन्‌तास ओली राहणारी पाने हेच रोगाचे दार आहे. ठिबक नळी त्यापेक्षा शतपटीने बरी. शरद ऋतू कोरडा गेला असेल तर जमीन गोठण्याआधी, नोव्हेंबरमध्ये, एकदा भरपूर पाणी द्यावे. खत माती परीक्षणाने सांगितले तरच, हळू विरघळणारे, आणि नोव्हेंबरात किंवा मार्चमध्ये द्यावे. ऑगस्टमध्ये खत दिले तर कोवळी पालवी फुटते आणि पहिल्या हिमात करपते.

छाटणी

बहुतेक घरी ही झुडपे वर्षातून दोनदा विजेच्या कात्रीने चेंडूसारखी कातरली जातात. दरवेळी कातरल्यावर टोकांना दाट फुटवा येतो, काही वर्षांत बाहेर दोन इंच जाडीचे हिरवे कवच तयार होते, आणि आत पाहावे तर फक्त उघड्या काड्या व अडकलेली वाळकी पाने. त्या कवचातून ना ऊन आत जाते ना वारा, आणि पावसानंतर आतला भाग दिवसभर ओला राहतो. कवचाला एक जरी भोक पडले तरी ते भरून यायला मागे पालवीच नसते.

याला उपाय म्हणजे विरळणी. हिवाळ्याच्या अखेरीस, फेब्रुवारी-मार्चमध्ये, एखाद्या कोरड्या दिवशी सिकेटर घेऊन झुडपासमोर बसावे. एक फांदी धरून पृष्ठभागापासून सहा ते आठ इंच आत हात घालावा, जिथे ती दुसऱ्या फांदीला मिळते तिथे कापावी आणि ओढून बाहेर काढावी. जिथून ती निघाली तिथे मुठीएवढी पोकळी दिसते. झुडपाभोवती फिरत, हातभर अंतराने अशा पोकळ्या कराव्यात, आणि एका वर्षात एकूण पालवीच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त काढू नये. काम झाल्यावर चार पावले मागे जाऊन पाहिले तर आकार जवळपास तोच दिसायला हवा; फक्त त्यातून आता उजेड झिरपतो. त्याच वसंतात आतल्या उघड्या काड्यांवर हिरवे ठिपके दिसतात, आणि पुढच्या वर्षी त्यांची पाने होतात. मला या झुडपाच्या निगेतला हा सर्वांत समाधानाचा भाग वाटतो. पूर्वापार इथे डिसेंबरच्या सुरुवातीला हीच विरळणी करून निघालेल्या फांद्या नाताळच्या सजावटीला वापरतात, तेही चालते.

कुंपणाला काटेकोर रेघ हवीच असेल तर वसंतातील पालवी निबर झाल्यावर, जूनमध्ये, एकदाच कातरावे, आणि वरच्या बाजूपेक्षा तळ थोडा रुंद ठेवावा म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळते. जुलैच्या मध्यानंतर कातरणी बंद. पाने ओली असताना कोणतीही कापाकाप करू नये.

बागकामाचे कंत्राट दिलेले असेल तर कामगारांना एक गोष्ट आवर्जून सांगावी: आमच्या बॉक्सवुडला लागण्याआधी कात्री सत्तर टक्के अल्कोहोलने पुसून घ्या. एकाच दिवसात दहा अंगणांत फिरणाऱ्या कात्रीच्या पात्यावरून रोगाचे चिकट बीजाणू सहज येतात. काहींना हे सांगणे संकोचाचे वाटते, पण अल्कोहोलची बाटली आपणच पुढे केली तर कोणी नाही म्हणत नाही.

हिवाळा

थंडीत पाने तांबूस झाली तर घाबरू नये, वसंतात बहुधा ती पुन्हा हिरवी होतात. ओला जड बर्फ साठला तर झाडूने खालून वर हलकेच उचलत झटकावा. गोठलेला बर्फ मात्र तसाच सोडावा, कारण फांद्या तेव्हा कडक असतात आणि हात लावताच मोडतात. वाऱ्याच्या बाजूला खुंट्या ठोकून गोणपाटाचा आडोसा करता येतो. झुडपाला प्लॅस्टिक गुंडाळू नये. पायवाटेवरचे मीठ मुळांशी जाऊ देऊ नये, त्या कडेला वाळू वापरावी.

रोग आणि किडी

बॉक्सवुड ब्लाइट ही बुरशी अमेरिकेत २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलिना आणि कनेक्टिकटमध्ये प्रथम सापडली. उबदार, दमट हवेत आधी पानांवर गडद कडेचे गोल डाग येतात, मग हिरव्या काड्यांवर काळ्या रेघा, आणि आठवड्याभरात खालून वर पाने गळत जातात. पाने टिकून राहून नुसती पिवळी-तपकिरी झाली असतील तर कारण बहुधा दुसरे असते. काळ्या रेघा आणि झपाट्याची पानगळ एकत्र दिसली तर मात्र संशय पक्का धरावा. त्या झुडपाला हात न लावता फोटो काढून काउंटी एक्स्टेन्शनच्या कार्यालयाला पाठवावेत आणि नमुना कसा द्यायचा ते विचारावे. रोग ठरला तर झुडूप आणि खाली पडलेले प्रत्येक पान प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावे, कंपोस्टमध्ये नव्हे, कारण गळलेल्या पानांत बुरशी पाच-सहा वर्षे तग धरते.

पाने पोखरणारी माशी कमी घातक, पण सर्वत्र आढळते. पान उलटून उन्हाकडे धरावे: खालच्या बाजूला पिवळसर फुगवटा दिसतो, आणि तो नखाने उघडला तर आत बारीक नारिंगी-पिवळ्या अळ्या वळवळताना दिसतात. मे महिन्यात, वायजेला हे फुलझुडूप फुलण्याच्या सुमारास, या अळ्यांच्या डासासारख्या नारिंगी माश्या होऊन झुडपाभोवती घोंघावतात. त्याआधी, एप्रिलमध्ये, पोखरलेले शेंडे कापून पिशवीबंद केले तर पुढची पिढी बरीच कमी होते. निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशके यावर चालतात, पण ती मधमाश्यांना घातक असतात आणि बॉक्सवुडच्या फुलांवर मधमाश्या येतात, आणि न्यू जर्सी व मेरीलँडमध्ये त्या औषधांच्या घरगुती वापरावर निर्बंधही आहेत. मी प्रतिकारक जात आणि छाटणी यांवरच भर देईन.

बॉक्स ट्री मॉथ हा पूर्व आशियातला पतंग २०२१ मध्ये न्यू यॉर्क राज्यात सापडला आणि तेव्हापासून पसरतो आहे. याच्या हिरव्या अळीवर काळे-पांढरे पट्टे असतात आणि डोके काळे असते. ती फांद्यांत जाळी विणते आणि पाने संपली की सालही कुरतडते. मे ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी फांद्या बाजूला करून आत जाळी आहे का ते पाहावे. अळ्या लहान असताना बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूपासून बनवलेले औषध) फवारल्यास त्या मरतात. अळी किंवा जाळी दिसली तर राज्याच्या कृषी विभागाला कळवावे, कारण अनेक ठिकाणी या किडीसाठी क्वारंटाइनचे नियम लागू आहेत आणि रोपांची ने-आण त्यांखाली येते.

एखादे झुडूप गेलेच, तर त्याच जागी लगेच दुसरे बॉक्सवुड लावू नये. कारण मुळे कुजणे असेल तर आधी निचरा सुधारावा. ब्लाइट असेल तर तिथे इंकबेरी लावावी: ही इथलीच सदाहरित होली दुरून बॉक्सवुडसारखीच दिसते आणि तिला ब्लाइट होत नाही. तिच्या शॅमरॉकसारख्या आटोपशीर जाती रोपवाटिकांत सहज मिळतात. माती आम्लधर्मी असली तरी तिला चालते, म्हणून ती लावण्याआधी वाफ्यात नव्याने चुना घालू नये.